बंद पेटीतली हवा

माझ्या बहिणीचा मला हेवा वाटतो, हे मी बरीच वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. नागभीडला आमच्या घराच्या छपरीत मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा ती शाळेत जात होती. शाळेतून आली की माझ्याजवळ बसायची. सोल्डरिंगची कांडी कशी धरायची, कोणती तार कुठून आली हे कसं शोधायचं, हे सगळं तिला मीच शिकवलं. पुढे मी आयटीआयवर थांबलो, तिने चंद्रपूरला डिप्लोमा केला आणि सूरजागडच्या लोहखाणीच्या बाजूला एका कंत्राटदाराकडे विजेच्या पॅनलवर कामाला लागली.

आमचे बाबा गावाबाहेरच्या राइस मिलमध्ये धान वाळवण्याच्या पटांगणावर देखरेख करत. त्यांच्या मोबाइलमध्ये बहिणीचा एक फोटो होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट, मागे माणसाहून उंच पॅनलची रांग. मिलमध्ये धान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तो फोटो दाखवत. मी त्याच गावात, त्यांच्याच घरात राहत होतो. गावातले अर्धे पंखे आणि मिक्सर माझ्या हातून गेले होते. माझा फोटो त्यांनी कधी काढला नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचा फोटो कोण काढतो, हे मला कळत होतं. तरी लागायचं.

त्या वर्षी एप्रिल फार तापला. मिलमध्ये मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह एका लोखंडी पेटीत बसवलेला होता. दुपारचे दोन वाजले की तो आतल्या आत तापून बंद पडायचा, आणि त्याच्याबरोबर अर्धी मिल. मग तिथली माणसं पेटीचं दार उघडून समोर टेबलफॅन लावत. त्याने ड्राइव्ह थंड व्हायचा, पण तांदळाचा बारीक कोंडा आत जाऊन तारांवर, कार्डांवर पीठ चाळल्यासारखा बसायचा. मालकाला दार बंद ठेवून गारवा हवा होता.

मी मिलमध्ये एक स्टार्टर बदलायला गेलो होतो. मालक पलीकडे बाबांना विचारत होते, ते मला ऐकू आलं. ते म्हणाले, "तुमची पोरगी कवा येते? ती हे पॅनल-गिनलचंच काम करते ना? तिले एकदा दाखवून देऊ."

मी हातातला पेचकस खाली ठेवला, तसाच त्यांच्यासमोर गेलो आणि म्हणालो, "तिची काय गरज हाये? पंखेच तर लावाचे हायेत. मी लावून देतो."

मालक हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पेटीच्या दाराला वरच्या बाजूने दोन गोल भोकं पाडली आणि लोखंडी चौकटीचे दोन छोटे पंखे बसवले. दोन्ही आतली हवा बाहेर फेकणारे. गरम हवा वर जाते, ती वरूनच ओढून काढायची, एवढा साधा विचार. पत्रा कापताना उडालेले कण कार्डांवर पडू नयेत म्हणून आत ओलं गोणपाट लावलं, कडा कानशीने घासल्या. पंखे चालू केले तेव्हा दोन्हींचा आवाज एकसारखा येत होता. मिलमधली माणसं येऊन तळहात धरून पाहत होती. बाहेर येणारी हवा चांगलीच गरम होती. मी मालकांना म्हणालो, पाहा, सगळी गरमी बाहेर निघून राह्यली.

दोन दिवस मिल थांबली नाही. त्या दोन दिवसांत मी तीन वेळा काहीतरी निमित्त काढून तिथून जाऊन आलो. मनातल्या मनात बहिणीशी बोलत होतो. तुला त्यासाठी चंद्रपूरला जावं लागलं, मी इथं बसून केलं, असं काहीबाही.

तिसऱ्या दिवशी ड्राइव्ह दीड वाजताच बंद पडला, म्हणजे पंखे नव्हते तेव्हापेक्षाही आधी. दार उघडलं तर ड्राइव्हच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये कोंडा गच्च भरला होता. दार तर बंद होतं. कोंडा कुठून आला ते मला कळेना. मी सगळं झटकून, पुसून पुन्हा चालू केलं आणि मालकांना सांगितलं की कुणीतरी दार उघडं ठेवलं असेल. तसं कुणी ठेवलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात मामाच्या मुलीच्या लग्नासाठी बहीण तीन दिवसांची सुट्टी घेऊन आली. जेवताना बाबांनी तिला मिलचं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "दादा, हवा कुठून घेतली?"

"झालं ते काम," मी म्हणालो. "चालू हाये."

आईने विषय लग्नाकडे नेला.

सकाळी ती बाबांबरोबर मिलमध्ये गेली. मला आईकडून कळलं तेव्हा मी दुकान तसंच उघडं टाकून मागोमाग गेलो. पोहोचलो तर ती पेटीसमोर उकिडवी बसलेली, हातात उदबत्ती. मालकांच्या ऑफिसातल्या देव्हाऱ्यातून आणली असावी. पेटीच्या तळाशी जिथून तारा आत जातात, तिथे भोकं मोठी आणि तारा त्या मानाने बारीक होत्या. तिने उदबत्ती त्या फटीजवळ धरली होती. धूर वर जायच्या ऐवजी वळून सरळ फटीत शिरत होता, कुणी आतून ओढून घ्यावा तसा.

ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "वरून हवा बाहेर फेकली का पेटी ती दुसरीकडून ओढते. खाली जिथी फट भेटली तिथून. आन् इथी खाली सगळा कोंडाच हाये."

तिच्या आवाजात चिडवणं नव्हतं. शिकवणंही नव्हतं. लहानपणी माझ्याजवळ बसून एखादी तुटलेली तार सापडली की ती असंच बोलायची. पण समोर बाबा उभे होते आणि ते त्या धुराकडे तोंड उघडं ठेवून पाहत होते. माझ्या पंख्यांकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "तुमच्या तिकडं मोठे लोक, मोठे पॅनल. इथी आमचं असंच असते. तू लग्नाले आली ना? मंग लग्नाले जा."

ती उठली. उदबत्ती तिने जमिनीवर दाबून विझवली. मग पटांगणावर धानाच्या ढिगांना खुणा करण्यासाठी बाबांच्या खिशात खडू असायचा, तो तिने मागून घेतला आणि पेटीच्या बाजूच्या पत्र्यावर एक आकृती काढली. खडू बाबांच्या हातात देऊन निघून गेली. बाबा तिच्यामागे गेले.

आकृती साधी होती. खाली, मिलमागच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या बाजूने, भिंतीबाहेरून आत येणारा बाण. त्याच्यावर पंखा, पंख्याआधी जाळी. वर बाहेर जाणारा बाण, तिथे पंखा नाही, नुसती फट. तारांच्या भोकांवर काट मारलेली, म्हणजे ती बुजवायची. आणि त्या भोकांतून बाहेर जाणारे बारीक बारीक बाण. ते पाहिल्यावर मला सगळं एका क्षणात कळलं. स्वच्छ हवा आत जोराने ढकलायची, म्हणजे पेटी भरून जाते आणि कुठे फट राहिलीच तर हवा तिथून बाहेर निघते, कोंडा आत यायला जागाच उरत नाही. इतकं सोपं होतं. मला सुचलं नव्हतं.

मी ती आकृती दोनदा डोळ्यांखालून घातली. मग कोपऱ्यातलं ओलं फडकं घेतलं आणि पत्रा पुसून काढला. मालक यायच्या आत.

ती सुट्टी संपवून गेल्यावर मी कामाला लागलो. दारावरचे पंखे काढले. मिलच्या मागे पाण्याची बोडी आहे, तिकडची हवा गार आणि बिनकोंड्याची. त्या भिंतीला भोक पाडून पाइप आत आणला, पेटीच्या तळाशी जोडला, त्यात पंखा बसवला. पंख्याआधी स्पंजाची जाळी, सरकवून काढता येईल अशा चौकटीत, रोज सकाळी झटकता यावी म्हणून. तारांची भोकं रबर आणि पुट्टीने बंद केली. दारातली दोन गोल भोकं पत्र्याने बुजवली. वर बाजूला पावसाचं पाणी शिरणार नाही अशी तिरप्या पट्ट्यांची फट केली. शेवटी उदबत्ती पेटवून फटीजवळ धरली, आजूबाजूला कुणी नाही हे पाहून. धूर लांब फेकला गेला.

मग मिल थांबली नाही. आठ दिवसांनी मालकांनी चार माणसांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, असं डोकं पाहिजे, आमच्या मिस्त्रीनं इथल्या इथं करून दाखवलं. मी हसलो. बाबा धानाच्या पोत्याला टेकून उभे होते. त्यांनी पत्र्यावरची ती आकृती पाहिली होती, खडू त्यांचाच होता. ते मला काही बोलले नाहीत, मालकांनाही नाहीत. फक्त त्या दिवसापासून घरी माझ्यासमोर त्यांनी बहिणीचं नाव काढणं बंद केलं. तिचा फोन आला की ते उठून अंगणात जात.

मला हेच तर हवं होतं, असं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. अंगणातून त्यांचं हसणं ऐकू यायचं आणि मी आत बसून ते कशावर हसले असतील याचा विचार करायचो. आधी निदान मला कळायचं तरी.

मालकांच्या ओळखीची एक मिल मुलचेऱ्याजवळ, बंगाली निर्वासितांनी वसवलेल्या एका गावात होती. नवरा गेल्यावर एक बाई ती चालवत होत्या. त्यांच्याकडेही पेटी तापत होती. मालकांनी माझं नाव सांगितलं आणि मी सगळं सामान घेऊन बसने गेलो. बाईंनी मला पाहुण्यासारखं ठेवलं. जेवायला मासे आणि भात. मिलमधल्या माणसांना सांगितलं, हे नागभीडचे मोठे मिस्त्री, हे सांगतील तसं करायचं. दोन दिवसांत मी तसंच सगळं बसवलं. खाली पंखा, जाळी, बुजवलेली भोकं, वर फट. उदबत्तीसुद्धा धरून दाखवली, सगळ्यांसमोर, जणू ती युक्ती माझीच. वरच्या फटीतून गार झुळूक येत होती. मी बाईंचा हात तिथे धरायला लावला आणि म्हणालो, पाहा, पेटी थंड हाये.

दुपारी तीनला ड्राइव्ह बंद पडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनला. जाळी स्वच्छ, पंखा जोरात, फटीतून गार हवा, आणि ड्राइव्हला हात लावला तर चटका. मी पंखा मोठा केला. तिसऱ्या दिवशी अडीचला बंद पडला. बाई जेवण वाढताना आधीसारख्या समोर बसत नव्हत्या. आकृतीत जे होतं ते सगळं मी केलं होतं. आकृतीबाहेरचं मला काहीच माहीत नव्हतं.

तिथून सूरजागड लांब नाही. आलापल्लीवरून गाडी मिळते. मी संध्याकाळी बहिणीला फोन केला. गावी असतो तर केला नसता. तिने काऊन, कशाले काही विचारलं नाही. म्हणाली, उद्या माह्या सुट्टीचा दिवस हाये, येतो.

ती अकराच्या सुमाराला आली. बाईंना नमस्कार केला, पाणी प्यायली आणि पेटीजवळ गेली. दार उघडायच्या आधी तिने वरच्या फटीसमोर तळहात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"बाहेर निघणारी हवा थंड हाये, दादा."

"मंग?" मी म्हणालो. "चांगलंच हाये ना."

"थंड हाये म्हणजे गरमी घेतलीच नाई तिनं. गरमी आतच राह्यली."

नागभीडला पहिल्या दिवशी गरम हवा बाहेर येताना पाहून मी खूश झालो होतो, आणि इथे गार हवा पाहून. दोन्हीचा अर्थ काय, याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

तिने दार उघडून दाखवलं. नागभीडच्या पेटीत ड्राइव्ह बरोबर पंख्याच्या वर होता, म्हणून हवा त्याच्यातूनच जायची. इथे तो दुसऱ्या कोपऱ्यात होता. हवा खालून यायची आणि दाराच्या कडेने सरळ वर निघून जायची, ड्राइव्हला न शिवता. मी मोठा पंखा लावला तशी ती आणखी जोरात सरळ जायला लागली.

बाईंकडे तेलाचा एक रिकामा डबा होता. बहिणीने त्याचा पत्रा मोजून दिला, मी कात्रीने कापला. तिने दोन्ही कडा वाकवायला सांगितल्या, मी त्या चिमट्याने वाकवल्या आणि हाताला लागू नयेत म्हणून दुमडून ठोकल्या. पत्रा आडवा-तिरपा असा बसवला की खालून आलेल्या हवेला ड्राइव्हच्या पात्यांमधून जाण्याशिवाय दुसरी वाट नको. आम्ही दोघं वाकून काम करत होतो, डोक्याला डोकं लागत होतं. पुष्कळ वर्षांनी. तिने पत्र्यातून स्क्रू घातला तो पहिल्याच फेरीत बसला. त्या क्षणीही मला ते लागलं. मी तिला म्हणालो, तुझा हात चांगला बसला हाये. ते म्हणायला मला जोर लावावा लागला.

तीन वाजायला अजून दीड तास होता. आम्ही मिलच्या बाहेर कडुनिंबाखाली बसलो. तिने नागभीडची पेटी कशी चालली आहे ते विचारलं. तेव्हा मी सांगितलं.

"तू पत्र्यावर काढलं होतं ते मी पुसलं. आन् मालकाले सांग्तलं का मीच केलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, तिला आधीच ठाऊक असेल. तसं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसलं.

ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी मी पाह्यलं तं पत्रा पुसलेला होता. मले वाटलं, बाबांनं पुसलं असंन. मालक रागवतीन म्हणून."

"नाई. मी."

"काऊन?"

मला हेवा हा शब्द तोंडातून काढता आला नाही. मी म्हणालो, बाबा तुलेच पाहते म्हणून. तिने पायाजवळची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाली, "दादा, तू मले विचारलं असतं तं मी तुह्याच हातानं करवलं असतं. मले काय तिथी नाव लावाचं होतं का?"

तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण तसं ती म्हणाली नाही. तीन वाजायच्या पंधरा मिनिटं आधी ती उठून आत गेली आणि मी तिच्यामागे.

तीन वाजले, साडेतीन वाजले, चार वाजले. मिल चालू होती. वरच्या फटीसमोर हात धरला तर हवा गरम लागत होती, अंगावर यावी इतकी. बाईंनी सुपारी कातरता कातरता बहिणीला विचारलं की तू कुठे शिकलीस. मग मिलमधल्या माणसांकडे वळून म्हणाल्या की खऱ्या मिस्त्री तर या दिसतात. माणसं हसली. मी तिथेच उभा होतो, हातात चिमटा. गप्प राहिलो असतो तर नागभीडचं काम माझ्या नावावर तसंच राहिलं असतं.

मी म्हणालो, "नागभीडची पेटीही हिनंच सांग्तली होती. मी फक्त बसवली."

बाईंनी मान डोलावली आणि सुपारी पुढे केली. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. बहीण जाळीची चौकट काढून झटकत होती, तिने वर पाहिलं नाही. पण निघताना तिने माझी अवजारांची पिशवी उचलली आणि स्टँडपर्यंत नेली. तिची गाडी आधी आली.

नागभीडला परतल्यावर मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, बरं, मग तिले आमचा नमस्कार सांगजा, आणि दुसऱ्या एका मोटरच्या आवाजाबद्दल बोलायला लागले. मी इतके दिवस ज्याच्यासाठी जळत होतो, त्याची त्यांना एवढीच किंमत होती. बाबांना मी जेवताना सांगितलं. ते घास चावत राहिले. मग विचारलं, "तिले सांग्तलं का?"

"सांग्तलं."

"मंग झालं," ते म्हणाले आणि आईकडे भाजी मागितली.

दिवाळीनंतर बहिणीला तिच्या कामावर बढती मिळाली. बाबांनी ते मला घरात, माझ्यासमोर सांगितलं. मला लागलं, आधी लागायचं तसंच. दुकानात जाऊन मी एक पंखा उघडला, त्याचं तेल-पाणी केलं, परत बंद केला. मग तिला फोन लावला. मी म्हणालो, बाबांनं सांग्तलं, चांगलं झालं. ती हो म्हणाली, आणि पलीकडे तिच्या मागे कुठलं तरी मोठं यंत्र चालू होतं त्याचा आवाज येत राहिला.